जवसाचं तेल

"चित्रालयाच्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा," असं दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. गमतीचे अनुभव आहेत. ते आधी सांगून घेतो, कारण जे खरं सांगायचं आहे ते एकदा सुरू झालं की गंमत करायची ताकद माझ्यात उरणार नाही.

आमचं चित्रालय सेलूला, बसस्टँडच्या मागं, तीन खोल्यांच्या एका कौलारू घरात होतं. एकाच चित्रकाराचं. काशिनाथ उमरे मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तैलरंगात चित्रं काढायचे. कापसाच्या गाड्या, बाजार, बैल, पळस, वेचणीला निघालेल्या बाया. नागपूरला त्यांना थोडेफार लोक ओळखत. सेलूत सगळेच ओळखत, पण धोतराला कायम रंग लागलेला मास्तर म्हणून. ते वारल्यावर गावातल्या चार मोठ्या माणसांनी समिती केली, एक्केचाळीस चित्रं भिंतींवर टांगली आणि देखरेखीला मला ठेवलं. तो काळ सत्तर-एकाहत्तरचा. पुढं सोळा वर्षं मी त्या चित्रांजवळ बसलो.

मलाच का ठेवलं, त्याला कारण होतं. आमची तेलाची घाणी होती. जवस आमच्याकडे शेतात पिकतो, त्याची चटणी होते आणि तेल भाजीत पडतं. तेच तेल चित्रकार रंग कालवायला घेतात, कारण ते सावकाश वाळतं आणि घट्ट होतं. मास्तर ते आमच्याच घाणीवरून नेत आणि बाटल्यांत भरून महिना महिना छपरावर उन्हात ठेवत. माझे वडील त्यांना चिडवत, "मास्तर, येवढं चांगलं तेल भाजीत घाला ना. चित्रात कायले घालता?" मास्तर म्हणत, "भाजी संध्याकाळी संपते हो." वडिलांना ते काही पटलं नाही, मला मात्र त्याचा फार अभिमान होता. त्या एक्केचाळीस चित्रांत आमच्या घाणीचं तेल होतं. समितीपुढं मी हेच सांगितलं. तेलातलं मला कोणी शिकवायला नको, असंही ठासून सांगितलं. नोकरी मिळाली.

काम काय, तर खुर्चीत बसायचं, असं लोकांना वाटे. निम्मं काम उजेडाचं असतं. सकाळी पूर्वेच्या खिडक्या बंद आणि उत्तरेच्या उघड्या, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आत शिरू द्यायचं नाही. चित्रं जुन्या रिवाजाप्रमाणं वरून पुढं झुकवून टांगलेली, त्यामुळं त्यांच्या मागं चिमण्यांना घरट्याची आयती सोय. मी सकाळी काड्या काढायचो, चिमण्या दुपारी परत आणायच्या. जिनिंग सुरू झालं की कापसाची बारीक लव गावभर उडे आणि चित्रांवर बसे. ती मोराच्या पिसांनी झटकायची. फडकं लावायचं नाही आणि कोणाला हात तर लावूच द्यायचा नाही. हा नियम मी समितीकडून लिहून घेऊन दारावर टांगला होता.

बघे फार येत नसत. जे येत त्यातले बरेच एस.टी. चुकलेले. मे महिन्यात एक म्हातारेबुवा रोज येऊन पळसाच्या चित्राखाली फरशीवर आडवे होत. अभिप्रायाची वही पुढं केली तर त्यांनी लिहिलं, "थंडावा उत्तम आहे."

एकदा तिथं मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलीच्या मामाचं घर लहान, म्हणून त्यानं पाहुण्यांना चित्रालयात आणलं. मामा हात पसरून म्हणाला, "आमच्या पोरीले चित्राचा मोठा नाद हाये." मुलाच्या बापाची समजूत झाली की भिंतीवरचं सगळं मुलीनंच काढलं. तो तिन्ही खोल्या फिरून आला आणि काळजीनं मला बाजूला घेऊन म्हणाला, "येवढे चित्र काढते, मंग सैपाक कधी करते जी?" लग्न जमलं. मी काही बोललो नाही. बोलायचं तिथं गप्प बसायची माझी सवय तेव्हाचीच असावी.

तळेगावचे नथ्थूजी मात्र खरे बघे. कापसाच्या बाजाराचं एक मोठं चित्र होतं. त्यात गाडीच्या जुवाला टेकून एक माणूस विडी ओढत उभा आहे. नथ्थूजी पहिल्यांदा आले ते वर्ध्याला जाताना बस बदलायला उतरले म्हणून, आणि त्या चित्रापुढं थांबले ते थांबलेच. मग म्हणाले, "हा माहा बाप व्हय." बापाचा फोटो कधी निघालाच नव्हता. तेव्हापासून दर वर्षी पोळ्यानंतर ते यायचे, बापाला नमस्कार करायचे. एकदा कुंकवाची पुडी घेऊन आले आणि बापाच्या कपाळाला बोट लावणार इतक्यात मी हात धरला. "चित्राले हात लावाचा नाई, नथ्थूजी. खराब होते." ते ओशाळले आणि कुंकू त्यांनी खालच्या चौकटीला लावलं. ते आठवलं की आजही मला मान खाली घालावीशी वाटते.

गमती संपल्या. आता शकूचं सांगतो.

मधल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीसमोर एक चित्र होतं. फार मोठं नाही, दोन हात उंच असेल. उंबऱ्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी बसलेली. तिची एक वेणी घातलेली आहे, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. चित्राच्या कडेला फक्त एक हात दिसतो, बाईचा, फणी धरलेला. मुलगी त्या हाताकडं न पाहता समोर पाहते आहे, कंटाळलेली, आणि खाली हसू दाबलेलं. ती मास्तरांची एकुलती एक मुलगी, शकू. हात काकूंचा. मास्तरांच्या बायकोला आम्ही सगळे काकूच म्हणत असू. चित्र पुरं झालं त्याच पावसाळ्यात शकू तापानं गेली. फोटो नव्हता. ती कशी दिसत होती हे सांगणारी वस्तू जगात ही एकच.

काकू पुतण्याच्या घरी राहत, दोन गल्ल्या पलीकडं. दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन चित्रालयात येत. मी खुर्ची चित्रासमोर सरकवून देई. त्या बसत, काही वेळ पाहत, गवार नाहीतर वांगी निवडत बसत आणि उठताना म्हणत, "जातो रे श्रावण. मावळतीची खिडकी लावून घेजो, पोट्टीच्या डोयावर ऊन येते." असं मी चार वर्षं पाहिलं.

आणीबाणीच्या आधलं वर्ष असेल. नागपूरहून कोणी मोठे साहेब चित्रालय पाहायला येणार असं ठरलं. त्यांना आवडलं तर इमारत पक्की होणार होती. समितीचे सेक्रेटरी आदल्या आठवड्यात येऊन सगळीकडं फिरले आणि नाराज झाले. "श्रावण, हे चित्रं मेल्यासारखे दिसून राह्यले. रंगात काही जीवच नाई. काई तरी कर बावा."

ते खोटं नव्हतं. दहा-पंधरा वर्षांत रंग सुकल्यासारखे झाले होते, वर पांढुरकी कळा आली होती. मी घरी विचार केला. कोरडं पडलं की तेल द्यायचं, हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. गाडीच्या आसाला तेल, दाराच्या बिजागरीला तेल, बाळंतिणीला तेल. आणि इथं तर कोणतं तेल द्यायचं हाही प्रश्न नव्हता. मास्तरांनी जे घातलं तेच. मी घाणीवरून ताजं, पहिल्या दाबाचं जवसाचं तेल आणलं, मऊ धोतराचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या चित्रावर फिरवून पाहिला.

काय झालं ते सांगतो. पळस पेटला. जिथं नुसतं तपकिरी दिसत होतं तिथं लाल, केशरी, त्यात पिवळा, असं सगळं वर आलं. बोळा हातात धरून मी कितीतरी वेळ तिथं उभा होतो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

तीन दिवसांत एक्केचाळीस चित्रं झाली. साहेब खूश झाले. "चित्रं अगदी कालच काढल्यासारखी वाटतात," असं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. इमारत काही झाली नाही. पण समितीनं मला शाल आणि नारळ दिला.

त्या बाजारी काकू आल्या. चित्रासमोर बसल्या आणि पिशवी मांडीवरच राहिली.

"काय केलं रे तू?"

मी घाबरत म्हणालो, "तेल लावलं काकू. आपल्या घाणीचं."

"न्हाऊन आली का अशीच दिसे," त्या म्हणाल्या. "अशीच. तेल लावलेली." आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

मग दर दिवाळीला मी चित्रांना तेल लावू लागलो. दिवाळीच्या आधी घर सारवतात, भांडी घासतात, तसं. तेल लगेच वाळत नसे, महिनाभर चिकट राही. नेमकी तेव्हाच जिनिंगची लव उडत असे. ती चिकटून बसे. मग ओल्या फडक्यानं पुसायचो आणि मंद दिसलं की आणखी थोडं तेल. फडकं लावायचं नाही हा नियम दारावर तसाच होता. शकूच्या चित्राला वर्षातून दोनदा लावत असे, एकदा दिवाळीत आणि एकदा आखाडात, तिच्या वाढदिवसाच्या सुमाराला. काकूंना आवडतं म्हणून. माझं सगळ्यात जास्त प्रेम ज्या चित्रावर होतं त्याला मी सगळ्यात जास्त तेल पाजलं.

पहिली शंका नथ्थूजींना आली. एका वर्षी ते बाजाराच्या चित्रापुढं उभे राहिले, पुढं झाले, मागं झाले, बापाच्या चेहऱ्याचा रंग निरखत राहिले. "श्रावणभाऊ, बाप काया होता हे खरं हाये. पण येवढा नोता." मी हसलो. तेही हसले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

माझ्या कसं लक्षात आलं नाही, असं कोणी विचारेल. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. मूल वाढताना आईला दिसत नाही, तसंच हे. चित्रं रोज इतकी थोडी थोडी काळी होत होती की मला ती कालच्यासारखीच वाटत.

ऐंशीच्या आसपास नागपूरहून चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. तरुण होत्या. त्यांनी मास्तरांचं नाव त्यांच्या गुरूंकडून ऐकलं होतं. पहिली खोली पाहून झाली. दुसऱ्या खोलीत चित्राजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला.

"भाऊ, यावर काय लावलंत?"

मी अभिमानानं सांगितलं. घाणी, पहिला दाब, सगळं. त्यांचा चेहरा पडत गेला. किती वर्षं, किती वेळा, असं त्यांनी विचारलं. मग त्या खाली फरशीवरच बसल्या.

"मास्तर तेच तेल वापरत होते बाई," मी म्हणालो.

"त्यांनी रंगात घातलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही रंगावर घातलंत."

त्यांनी मला समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. घाणीचं कच्चं तेल वर राहिलं की पिवळं पडतं, मग तपकिरी, मग काळं. वाळलं की ते रंगाशी एकजीव होतं. ते काढायला गेलं तर खालचा रंगही निघून येतो. वार्निश असतं तर काढता आलं असतं. "आणखी लावू नका," एवढंच त्यांनी सांगितलं. मी विचारलं, जे लावलं त्याचं काय. त्या म्हणाल्या, "अजून काळं होत राहील. आपोआप."

त्यांनी समितीला पत्र लिहिलं. सेक्रेटरींनी ते मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "जुने चित्रं काये पडतातच. विलायतेचे बी काये असते, म्या क्यालेंडरवर पाह्यले. तू मनाले लावून घेऊ नको." पण ते मनाला लागलंच. त्या दिवसापासून मी खुर्चीत बसलो की समोरच्या भिंतीवर माझंच काम पाहत बसे, आणि ते दररोज थोडं थोडं पुढं जात होतं.

काकूंना कसं सांगावं, हे मला कळत नव्हतं. मग त्यांनीच विचारलं.

"श्रावण, खिडकी उघड ना रे."

"उघडीच हाये काकू."

त्यांनी मान खिडकीकडं वळवली, परत चित्राकडं. "मंग मले काऊन दिसून नाई राह्यलं? शकूचं तोंडच दिसत नाई."

ही ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच, बाहेर बाजाराचा गलबला. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मोतीबिंदू असन काकू. या वयात होतेच."

त्यांनी डोळे चोळले. "असन," म्हणाल्या.

ऑपरेशनची त्यांना भयंकर धास्ती. त्यांच्या बहिणीचा एक डोळा त्यातच गेला होता. डोळे तपासून घ्या असं पुतण्यानं आधी दोनदा सांगून पाहिलं तर त्यांनी उडवून लावलं होतं, की आता मला कोणतं शिवणकाम करायचं आहे. पण त्या बाजारानंतर दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला निरोप धाडला. वर्ध्याला डोळ्यांचं शिबीर भरणार होतं. पुतण्याची कापसाची वेचणी सुरू होती. "तू चालतो का संग? मले शकूले नीट पाहाचं हाये एकदा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

शिबिराला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी आणखी एक काम केलं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, काकू सोडून. मला वाटलं, निदान एवढं एक चित्र तरी उघडं करून ठेवावं. शकूच्या तोंडाला हात लावायची छाती नव्हती. कडेचा भाग घ्यावा, जमलं तर पुढं सरकावं, असा विचार केला. कडेला होता तो हात. मनात म्हटलं, हातच तर आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी कोमट केलं, बोळा भिजवला आणि चोळलं. आधी तपकिरी पाणी निघालं. मी खूश झालो. आणखी चोळलं. मग बोळ्यावर गव्हाळ रंग आला, मग फणीचा काळा. थांबलो तोवर तिथं पांढरं कापड दिसत होतं.

वर्ध्याला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. मी थाप मारली होती, ती खरी निघाली. मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन चहा प्यालो. माणूस किती खालच्या थराला जाऊन सुटकेचा श्वास टाकतो, हे मी त्या टपरीवर पाहिलं.

शिबीर एका शाळेत होतं. वर्गातली बाकं काढून गाद्या घातलेल्या, रांगेनं माणसं पडलेली, सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, मान वळवायची नाही. मी काकूंजवळ बसून चमच्यानं भात भरवायचो. पडल्या पडल्या त्यांना एकच विषय.

"श्रावण, तू त रोज पाह्यते तिले. सांग बरं कशी बसली हाये."

मी सांगायचो. उंबरा, त्यावर लाल परकर, कोपर गुडघ्यावर टेकलेलं. गंमत अशी की चित्र काळं पडल्यापासून मला ते जास्त स्वच्छ आठवत होतं. "उजवी वेणी घातलेली हाये," मी एकदा म्हणालो.

"उजवी नाई रे. डावी. मी डावरी हावो ना, मी डावीकडून सुरू करो." पट्टीखाली त्या हसल्या. "दुसरी घालाची राहून गेली. चुलीवर दूध होतं, मी उठली. हे म्हणाले, राहू दे, अशीच बरी दिसते. मले वाटलं, चित्र झालं का घालीन."

शेजारच्या गादीवरची म्हातारी म्हणाली, "घातली का मंग?"

"घातली ना. रोजच घालो," काकू म्हणाल्या. "पण चित्रात राह्यली."

त्यांचा हात पांघरुणावर होता. डावा. मी त्याच्याकडं पाहिलं आणि सांगून टाकावं असं वाटलं. पण त्यांना हलायचं नव्हतं, रडायचं तर मुळीच नव्हतं. टाके होते. मी स्वतःला हे कारण दिलं आणि ते मला पुरलं.

चष्मा दीड महिन्यानं मिळाला. पुन्हा वर्ध्याला गेलो. जाड काचा, मागं त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत. एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या आणि सबंध रस्ता बोलत होत्या. तुरीला शेंगा लागल्या, तो बैल लंगडतो, त्या बाईचं लुगडं विरलं. मग माझ्याकडं वळून नीट पाहिलं. "श्रावण, तू म्हातारा झाला रे. कानापाशी केस पांढरे झाले. मले कोणी सांगतलंच नाई." गाडीतली माणसं हसली. मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. सेलू येऊच नये असं वाटत होतं.

स्टँडवर उतरल्यावर त्या घराकडं वळल्याच नाहीत. मी कुलूप काढलं. उत्तरेच्या खिडक्या उघडल्या, मग पूर्वेच्या, मग पश्चिमेच्याही. सगळ्या. खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत. चित्राच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. कितीतरी वेळ पाहिलं.

"डोये त चांगले झाले," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या.

मग मी सांगितलं. सगळं. साहेब, तेल, दर दिवाळी, आखाडातलं जास्तीचं, नागपूरच्या बाई, मोतीबिंदूची थाप, सोड्याचं पाणी. मध्ये कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांनी मला शिवी द्यावी, निदान तोंड फिरवावं, अशी माझी इच्छा होती. त्या चित्राकडंच पाहत होत्या. सगळ्या काळोखात कडेला तेवढा एक पांढरा डाग होता. त्यांनी बोट त्याच्याजवळ नेलं. मी अडवलं नाही. चित्राला हात लावायचा नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? पण त्यांनी लावलं नाही.

"पोट्टी अंधारात बसली," त्या म्हणाल्या. "अन् माहा हात बी नाई आता तिच्यापाशी."

चष्मा काढून त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि घरी गेल्या. मी खिडक्या बंद केल्या नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा पश्चिमेचं ऊन सबंध संध्याकाळ चित्रांवर पडलं, आणि त्यानं काही बिघडलं नाही, कारण बिघडायला काही राहिलं नव्हतं.

मला वाटलं होतं त्या परत येणार नाहीत. पुढच्या बाजाराला आल्या. खुर्ची मागितली आणि ती उलटी करून, चित्राकडं पाठ करून बसल्या. मांडीवर वालाच्या शेंगा घेतल्या. "सांग," म्हणाल्या. "शिबिरात सांगे तसं."

मी सांगितलं. उंबरा, परकर, कोपर, दाबलेलं हसू. त्यांनी शेंगा निवडल्या, उठल्या, गेल्या. असं तीन-चार वर्षं चाललं. दर बाजाराला मी तेच बोलायचो. ही त्यांची क्षमा होती की शिक्षा, हे मी विचारलं नाही. समिती त्या सुमाराला मोडीत निघाली होती, बघे यायचे थांबले होते. यायचं तरी कशाला? एकाच चित्रकाराच्या एक्केचाळीस काळ्या फळ्या पाहायला? बघ्यांना पुसट आकार तेवढे दिसत. मला चित्रं दिसत, असं मी समजत होतो. दुसरीकडं ती नव्हतीच, तेव्हा जी काही होती ती माझ्याच डोक्यात होती.

चित्रालय बंद होणार हे ठरलं. चित्रं बांधून शाळेच्या एका खोलीत ठेवायची होती. तो शेवटचा बाजार. काकू आता बऱ्याच थकल्या होत्या, काठी घेऊन आल्या. पाठ करून बसल्या. मी नेहमीसारखं सुरू केलं. उंबरा सांगितला, परकर सांगितला. पुढं त्यांनी मध्येच विचारलं, "वेणी कोणती घातली हाये रे तिची?"

मी चित्राकडं पाहिलं. तिथं काही दिसत नव्हतं. डोळे मिटले. तिथंही तपकिरीच.

"उजवी," मी म्हणालो.

काकूंचे हात शेंगांवर थांबले. थोड्या वेळानं परत चालू झाले.

"असन," त्या म्हणाल्या. "तू त रोज पाहे."

त्यांना घरापर्यंत सोडलं, परत येऊन कुलूप लावलं, किल्ली सेक्रेटरींच्या घरी दिली आणि घाणीच्या वळणापर्यंत चालत आलो. तिथं मला शिबिरातल्या पांघरुणावरचा तो डावा हात आठवला.